‘हाय’मधला ह

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

देवेश म्हणाला, "बँडचा इतिहास कुनीतरी लिवून ठेव. उद्या मोठे झालो का लोकं विचारतील." मोठे कसले होतोय! पण लिहायला मला आवडतं, आणि पप्पांच्या लाल पेन्सिलीपासून लांब असं एखादं तरी पान मला हवंच होतं. तर घ्या इतिहास.

नाव यरीहो. शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं ते शहर, ज्याच्या तटाभोवती लोकांनी सात दिवस फेऱ्या घातल्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून अशी आरोळी ठोकली की तट कोसळला. ख्रिस्ती माणसाने मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवू नये म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट ऐकवते. तिथे कोणी मान वाकडी करून गोड गायलं नव्हतं. खांदा कॉलनीतला बॅनरवाला मात्र दरवेळी विचारतो, "मॅडम, 'येरे हो' असंच ना?"

माणसं चार. गिटारवर शैलेश, आमच्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. रविवारशाळेत आम्ही एका सतरंजीवर बसलोय, आता तो बँकेत असतो. बासवर निनाद, जो महिन्याला अकरा शब्द बोलतो. ड्रमवर देवेश भगत, विचुंब्याचा आगरी, धर्माने हिंदू, एरवी लग्नाच्या हळदीला बेंजो पथकात वाजवणारा. आणि मी, शांती धर्मराज साळवे, वय एकतीस. कामोठ्यात नववी-दहावीच्या क्लासला विज्ञान शिकवते आणि शनिवारी घशातून असा आवाज काढते की गल्लीतली कुत्री गाडीखाली जातात. नाव शांती. यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तरच सांगावा.

९ नोव्हेंबर, शनिवार

विचुंब्याला देवेशच्या घरी तळमजल्यावर एक खोली आहे. तिच्यात पूर्वी भात साठवायचे. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, भात कोणी लावत नाही, आणि खोली आम्हाला मिळाली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. तरी आवाज जायचा तिथे जातोच. दाराबाहेर देवेशची आई, कमळाबाई काकी, सुकट निवडत बसतात. त्यांना आमच्या आवाजाचा त्रास होत नाही. म्हणतात, घरात बेंजोवाला जन्मला तेव्हाच कान देवाला वाहिले.

आज देवेशने ड्रमच्या डबल पेडलवर सरळ हळदीचा ठेका घातला. शैलेश वैतागला. "अरे, हे मेटल नाहीये."

"नाचायला येतंय ना? मग हाय," देवेश म्हणाला.

निनादने मान हलवली. ठेका ठेवला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज घरी सराव करत होते. पप्पा उठले आणि एकही शब्द न बोलता सगळ्या खिडक्या लावत सुटले. हॉलच्या, बेडरूमच्या, शेवटी स्वयंपाकघरातली ती छोटीसुद्धा. मग आपल्या खोलीत गेले. एवढी लाज वाटते तर तोंडाने सांगावं ना माणसाने! मराठीचे मास्तर होते, शब्दांची काय कमी?

पप्पा चाळीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवतात. पेटी त्यांची स्वतःची आहे, मंडळीला वापरायला दिलेली. त्यांच्या मते संगीत म्हणजे पायाने भाता सारखा दाबावा, हाताने सूर हळू सोडावा, आणि कोणी पुढे धावलं तर चष्म्यावरून त्याच्याकडे बघावं. माझ्याकडे गेली काही वर्षं ते चष्म्यावरूनच बघतात.

सकाळी टेबलावर ज्येष्ठमधाची कांडी होती. शेजारच्या काकूंनी ठेवली असणार. माझा घसा कायमचा बसलाय अशी त्यांची समजूत आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

गाणं झालं! वीस मिनिटांत झालं, म्हणजे साडेतीन वर्षं आणि वीस मिनिटांत.

मे २०२१. आई हॉस्पिटलात, पप्पा घरी तापाने पडलेले, त्यांना आत सोडणारच नव्हते. मी एकटी बाहेरच्या बाकावर. शेजारी एक बाई, तोंडाला मास्क, त्यावर पदर. तिचा नवरा बुधाजी आत, आईच्याच वॉर्डात. ती रोज सकाळी माझ्याकडे वळायची आणि एकच वाक्य बोलायची, "देव हाय गो पोरी." मंडळीतून फोन यायचे, लांबच लांब प्रार्थना व्हायच्या, त्यातलं मला काही आठवत नाही. हे चार शब्द आठवतात. त्या बाई म्हणजे कमळाबाई काकी. डबा घेऊन यायचा तो त्यांचा मुलगा देवेश. बोटांनी बाकावर ठेका धरून बसायचा, थांबायचा नाही.

बुधाजीकाका घरी आले. आई आली नाही.

तर गाण्याचं नाव 'देव हाय'. ध्रुवपदात तेवढंच, आठ वेळा, पोटातून. मधलं सगळं मी त्या बाकाबद्दल लिहिलंय. शेवटी, तिसऱ्या कडव्यानंतर, सगळं एकदम मंद होतं आणि गिटार अगदी खालच्या चार सुरांवर चालत राहते, ओझं घेतलेल्या माणसासारखी.

काकींना ऐकवलं. म्हणाल्या, "मी कदी येवड्या जोरान बोलली गो?" आणि पदराने डोळे पुसत सुकटाकडे वळल्या.

११ जानेवारी २०२५, शनिवार

पप्पा हल्ली शनिवारी संध्याकाळी कामोठ्याला कोणा आजाऱ्याला भेटायला जातात. कोणाला विचारलं तर "आहे एकजण." आज बुटांवर पांढऱ्या धुळीचा थर होता. म्हटलं, कामोठ्यात एवढं बांधकाम कुठे निघालंय? म्हणाले, "सगळीकडेच निघालंय." मी म्हटलं, बूट धुवून ठेवते. म्हणाले, "बूट पुसतात. धुतात ते कपडे."

बापाशी भांडायचं म्हटलं तरी आधी व्याकरण पास व्हावं लागतं.

१ मार्च, शनिवार

तरुण संघाने पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, संध्याकाळी आम्हाला अर्धा तास दिला! चर्चच्या हॉलमध्ये! शैलेशने जाऊन विनंती केली, कारण माझ्या विनंतीला लोक धमकी समजतात. शैलेशचं मे महिन्यात लग्न आहे, समृद्धीशी, याच चर्चमध्ये, त्यामुळे सध्या त्याचा भाव चांगला आहे.

जेवताना पप्पांना सांगितलं. त्यांनी हातातला घास संपवला. मग विचारलं, "पट्टी कोणती?"

"आमच्यात पट्टी वगैरे नसते, पप्पा."

"असते. तुमची काळी दोनच्याही पुष्कळ खाली असेल."

"तुम्ही कुठे ऐकलंत?"

"अंदाज," म्हणाले, आणि बशीत चहा ओतून घेतला. जेवणावर चहा पिणारा पनवेलमधला हा एकच माणूस असावा.

२१ एप्रिल, सोमवार

काल वाजवलं. आधी चांगलं ते लिहिते, कारण नंतर रागात राहून जाईल. हॉल भरला होता. पहिल्या गाण्याला लोकांनी कानावर हात ठेवले, दुसऱ्याला काढले. देवेशचा ठेका सुरू झाल्यावर शेवटच्या रांगेतल्या दोन आज्या टाळ्या वाजवायला लागल्या. चाळीसेक पोरं पुढे उड्या मारत होती. मी इतकी सुखात होते की आईला सांगायला हवं असं वाटलं.

मग 'देव हाय'. दुसऱ्या ध्रुवपदाला थोरातकाका, म्हणजे मंडळीचे सेक्रेटरी आनंदा थोरात, खुर्ची पाडून उठले आणि त्यांनी मेन स्विच पाडला. अंधार. माइक गेला, गिटार गेली. देवेश मात्र वाजवतच राहिला, त्याला कुठे वीज लागते? मग कोणीतरी मोबाइलचा उजेड पाडला आणि थोरातकाकांचा आवाज आला.

"देवाच्या घरात उभं राहून 'देव नाय' म्हणता? आजच्या दिवशी?"

मला आधी हसूच आलं. ती चूक झाली, मान्य.

त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं. एकट्यांना नव्हे, निम्म्या हॉलला. रात्री मी स्वतः रेकॉर्डिंग ऐकलं आणि विज्ञानाची बाई म्हणून मला ते समजलं. 'ह' म्हणजे नुसती हवा. घशातून असा आवाज काढताना सगळी हवा त्या आवाजातच खर्च होते, 'ह' उरतच नाही. 'देव' आणि 'आय' यांच्यामध्ये एक भोक राहतं, आणि ज्याला जे ऐकायचं असेल ते तो त्यात भरतो.

हे मी त्यांना समजावलं. फळ्याशिवाय जमेल तेवढं. थोरातकाका म्हणाले, "मला कान आहेत, शांती."

पप्पा पहिल्या रांगेत बसले होते. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "शेवट राहिला."

कसला शेवट, कोणाचा? मी विचारलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

व्हिडिओ सगळीकडे गेलाय. खाली लिहिलंय, 'पनवेलच्या चर्चमध्ये देव नाय!!' मेन स्विच पडतो तिथे तो संपतो, त्यामुळे आम्हीच पळून गेलो असं दिसतं.

मंडळीच्या कमिटीचं पत्र आलं. रविवार ११ मे रोजी उपासनेत, साक्षीच्या वेळी, मी उभं राहून सोबत जोडलेला मजकूर वाचावा. मजकूर: 'माझ्या हातून देवाच्या नावाचा अवमान झाला. माझे चुकले. यापुढे मी असे गाणार नाही.' न वाचल्यास माझं सभासदत्व रद्द, रविवारशाळेचा वर्ग बंद, आणि 'परधर्मीय वादकासह सदर बँडास आवारात मज्जाव'.

साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सर्वांसमोर सांगायचं. आईने दरवर्षी दिली. त्या जागेवर उभं राहून मी खोटं सांगायचं! मी गायले ते 'हाय', आणि माफी मागायची 'नाय'ची.

रविवारशाळेत माझी सतरा पोरं आहेत. माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, आईची शवपेटी इथूनच गेली. मला इथून जायचं नाहीये. हे त्यांना कळू देणार नाही, पण इथे लिहून ठेवते.

२६ एप्रिल, शनिवार

गुप्तहेर! काकींनी सांगितलं.

"तो म्हातारा आज परत आलेला. समोर टपरीवर बसतो, छत्री घेऊन. पाऊस नाय पानी नाय, छत्री कशाला? चहा बशीत वतून पितो आनी तुमचं गानं संपलं का उठून जातो. लय महिने झाले."

"तुमच्याशी बोलला?"

"आज बोलला. मना विचारीत होता, हॉस्पिटलान तुमी होतांव ना? ती बाई शेवटी काय बोलली, तिला लय त्रास झाला का, असं."

माझं डोकंच फिरलं. कमिटी माणूस पाठवते! आणि माझ्या मेलेल्या आईबद्दल चौकश्या करते! आता तिचं नाव घालून काय लिहिणार आहेत पत्रात? मी छत्री शोधत टपरीपर्यंत पळत गेले, पण तो गेला होता. देवेश म्हणाला, पुढच्या शनिवारी धरू त्याला.

काकींनी काय सांगितलं, ते विचारलंच नाही मी. विचारायला हवं होतं.

२८ एप्रिल, सोमवार

कळंबोलीच्या काही कॉलेजच्या पोरांचा फोन. नास्तिक मंडळ काढलंय, वर्धापनदिनाला 'देव नाय' गायला याल का, टी-शर्टही छापतोय. मी म्हटलं, बाळांनो, ते 'हाय' आहे. पलीकडे कुजबुज झाली. मग एकजण फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, थोडं बदलून चालेल का?"

सगळ्यांना माझा एकच शब्द बदलून हवाय.

२९ एप्रिल, मंगळवार

शैलेश गेला. क्लास सुटायच्या वेळी खाली येऊन उभा होता. त्याच्या लग्नाची घोषणा तीन रविवार उपासनेत वाचतात, पहिली झाली, दोन राहिल्यात. थोरातकाकांनी त्याच्या वडिलांना सांगितलंय की बँडमध्ये असशील तर पुढच्या वाचल्या जाणार नाहीत.

"समृद्धीच्या घरी काय सांगू गं?"

"सांग की भिंत उभी राहिली आणि वाजवणारा पडला." फार लागेल असं बोलले. त्याने गिटारचं पेडल माझ्या हातात दिलं आणि गेला. पेडल त्याचं आहे. ते कशाला दिलं असेल?

३ मे, शनिवार

आज छत्रीवाला आलाच नाही. पप्पाही घरीच होते, कामोठ्याचा आजारी बरा झाला म्हणे. संध्याकाळी मला समोर बसवलं. कमिटीचं पत्र टेबलावर, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुकांना लाल खुणा केलेल्या.

म्हणाले, "मी थोरातांशी बोललो. माफी नको. एक शब्द बदल. 'देव आहे' म्हण. 'आहे'चा 'नाही' असा गैरसमज होऊ शकत नाही. शुद्धही आहे."

"नाही बदलणार."

"हट्ट कशासाठी?"

"ते शुद्ध आहे ना, म्हणूनच! 'देव आहे' मला सगळ्यांनी सांगितलं पप्पा, फोनवर, मोठमोठ्या प्रार्थनांत. त्याने माझं काही झालं नाही. मला ज्याने धरून ठेवलं ते 'हाय' होतं. ते दुसऱ्या धर्माच्या, चार इयत्ता न शिकलेल्या बाईने सांगितलं, जिचा स्वतःचा नवरा आत होता. तुम्ही तिथे नव्हता."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तापाने फणफणत घरी पडले होते ते. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नव्हतो," म्हणाले. आणि उठून खिडकी लावली. मी तर गातही नव्हते.

१० मे, शनिवार

उद्या.

एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, देवेशलाही नाही. इथे लिहिते.

पहिल्या दिवशी, त्या बाकावर, काकी मास्कमधून बोलल्या तेव्हा मला 'देव नाय गो पोरी' असंच ऐकू आलं होतं. आणि मी मान हलवली होती. म्हटलं, बरोबर आहे बाई, नाही. मला ते पटलं होतं. दिवसभर मी ते धरून बसले आणि कसं हलकं हलकं वाटत होतं, कोणी ऐकतच नाही म्हटल्यावर मागायचंही काही नाही. दुसऱ्या दिवशी त्या परत बोलल्या तेव्हा मास्क हनुवटीवर होता आणि मी त्यांचं तोंड पाहिलं. तेव्हा कळलं.

म्हणजे थोरातकाकांच्या आधी मीच चुकीचं ऐकलंय. मग मी कोणत्या तोंडाने त्यांच्यावर चिडते?

तरी चिडते. पण उद्या काय बोलायचं ते मला कळलंय.

११ मे, रविवार

क्रमाने लिहिते.

चर्च भरलं होतं. शैलेशच्या लग्नाची तिसरी घोषणा वाचली, तो खाली मान घालून बसला होता. मागच्या बाकावर देवेश, निनाद आणि डोक्यावर पदर घेतलेल्या काकी. मज्जाव होता, पण काकींना 'बाहेर व्हा' म्हणायची थोरातकाकांची हिंमत झाली नाही. उलट कोणीतरी त्यांना गीतांचं पुस्तक दिलं. त्यांनी ते उलटं धरलं होतं.

साक्षीची वेळ आली. थोरातकाकांनी मजकुराचा कागद माझ्या हातात दिला. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला.

मंडळीतल्या नमस्काराने सुरुवात केली, "सलाम. मी साक्ष द्यायला उभी आहे. माफी मागायला नाही."

मग सगळं सांगितलं. बाक, मास्क, आई. पहिल्या दिवशी मला 'नाय' ऐकू आलं ते. मी म्हटलं, "ज्याचा दिवस वाईट असतो त्याला 'नाय'च ऐकू येतं. मलाही आलं. म्हणून मी ओरडते. त्या दिवशी हॉलमध्ये निम्म्या लोकांना 'नाय' ऐकू आलं, त्या सगळ्यांना मला विचारायचंय, तुमचे दिवस कसे चाललेत? पण शब्द मी बदलणार नाही. त्या मागे बसल्यात, त्यांचा शब्द आहे तो. मला उसना मिळालाय."

थोरातकाका म्हणाले, "हे माफी मागणं नव्हे."

"नव्हेच," मी म्हटलं आणि बसले.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, गोंधळले. त्यांनी घाईने गीताचा क्रमांक सांगितला. "मास्तर, घ्या."

पप्पांनी भाता दाबायला सुरुवात केली. पेटीत हवा भरल्याचा तो श्वासासारखा आवाज आला. आणि मग पेटीच्या अगदी खालच्या स्वरांवर, मंद, चार सूर. परत तेच चार. मला वाटलं मी आजारी आहे, मला भास होतोय. मागून निनाद म्हणाला, "आपला शेवट."

आमच्या गाण्याचा शेवट! तिसऱ्या कडव्यानंतरचा, ओझं घेतलेल्या माणसासारखा. तो त्या दिवशी हॉलमध्ये वाजलाच नव्हता, त्याआधी मेन स्विच पडला. व्हिडिओतही नाही. तो फक्त विचुंब्याच्या खोलीत वाजलाय, गाद्या ठोकलेल्या.

पप्पा चष्म्यावरून कोणाकडे बघत नव्हते. डोळे मिटून वाजवत होते. आठ वेळा वाजवून थांबले, मग पाळकसाहेबांनी सांगितलेलं गीत घेतलं, नेहमीच्या चालीने. लोक उभे राहिले. काही गायले, काही नाही.

बाहेर आल्यावर काकींनी पप्पांना पाहिलं आणि माझा दंड धरला. "आगो, यो तर तो टपरीवरचा म्हातारा!"

मी पप्पांच्या बुटांकडे पाहिलं. आज पुसलेले होते.

१३ मे, मंगळवार

निकाल आला. माझं सभासदत्व रद्द. 'श्री. धर्मराज साळवे यांच्या वयाचा विचार करता त्यांना वादनसेवेतून विश्रांती'. पाळकसाहेब घरी येऊन गेले, म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या, लोक विसरतील. पप्पा म्हणाले, "विसरायला आम्ही काही केलेलं नाही." चहा दिला. निरोप दिला. मग मला म्हणाले, "टेम्पो सांग. पेटी माझी आहे."

रविवारशाळेच्या पोरांचं वाईट वाटतं. सकाळी त्यातल्या दोघी दारात आल्या आणि विचारलं, मॅडम, तो आवाज कसा काढायचा? खिडक्या लावल्या आणि शिकवलं.

पप्पांना एकच विचारलं. "काकींनी काय सांगितलं, आईचं?"

"म्हणाल्या, बुधाजींनी वॉर्डात ऐकलेलं, तुझी आई रोज सकाळी विचारायची, मास्तरांनी गोळ्या घेतल्या का." मग उठून आत गेले. यावेळी मीही मागे गेले. दोघं रडलो. चार वर्षांनी पहिल्यांदा.

२४ मे, शनिवार

पेटी विचुंब्याला आली. देवेश आणि निनादने उतरवली. बुधाजीकाका बाजूने नुसत्या सूचना देत होते, आणि पप्पा त्या सूचनांचं व्याकरण सुधारत होते. काकींनी पेटीला हळदकुंकू लावलं. पप्पांनी एक क्षण पाहिलं, मग रुमालाने कुंकू तेवढं हळूच पुसलं आणि हळद राहू दिली. काकी हसल्या. बहुतेक तडजोड झाली.

खोलीत शिरतो तर शैलेश आधीच पोचलेला, मनगटावर हळद अजून पिवळी. लग्न होऊन आठवडा झाला. "आता घोषणा परत घ्या म्हणावं," म्हणाला. "माझं पेडल कुठाय?" मी दिलं. समृद्धी बाहेर काकींजवळ सुकट निवडायला बसली होती, आणि आठवड्याभरातच सरावाला पळालेल्या नवऱ्याची तक्रार करत होती.

पेटी जुनी, तिचे सूर थोडे उतरलेले. तिला काही आमच्या सुरात आणता येत नव्हतं, म्हणून गिटार आणि बास दोन्ही पेटीला लावून घेतले. पप्पांनी विचारलं, "ठेका कोणता?" देवेश म्हणाला, "हळदीचा, मास्तर." पप्पा म्हणाले, "चालेल. लय आहे."

पहिल्यांदाच गाणं शेवटापर्यंत नेलं. मी ओरडून संपले, पेटी आणि गिटार त्या चार सुरांवर चालत राहिल्या, मग सगळं थांबलं. दार उघडंच होतं, उकाड्याने. समोरच्या टॉवरच्या चौथ्या मजल्यावरून एक गृहस्थ गॅलरीत येऊन ओरडले, "ओ! काय लावलंय हे? तासभर झाला, देव नाय, देव नाय, देव नाय!"

मी दाराकडे निघाले होते. भांडणाची मला सवय आहे. पण पप्पा पेटीवरून उठले, माझ्या आधी बाहेर गेले, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. शाळेत तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज त्यांनी बाहेर काढला.

"हाय!" पप्पा ओरडले. "देव हाय!"

ह सकट. चौथ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.